गिम्पसोबत दहा महिने, आणि एक कागदाची होडी

डिसेंबर २०२४ ला लॅपटॉपवर गिम्प, म्हणजे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, टाकलं, आता ऑक्टोबर संपत आलाय, म्हणजे दहा महिने झाले. रोज नाही वापरलं हे आधीच सांगते, ऑफिस महापेला, घर ऐरोलीत, त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर तासभर आणि रविवार दुपार एवढाच वेळ. पण दहा महिने एकाच फोटोमागे लागल्यावर बोलायचा थोडा हक्क मिळतो असं मला वाटतं. (उच्चार गिम्पच आहे, आमच्या ऑफिसातला एक मुलगा अजून जिम्प म्हणतो, मी सोडून दिलं.)

डोक्यात काय होतं तर माझा भाचा, वय वर्षं सहा, कागदाच्या मोठ्या होडीत बसून ठाणे खाडीत फ्लेमिंगोंमधून चाललाय. बस एवढंच. मला वाटलं तीन फोटो घ्यायचे, कापायचे, चिकटवायचे, दोन रविवारांचं काम. हसू नका.

फोटोशॉप का नाही, तर दर महिन्याला पैसे भरायचे आणि वापर महिन्यातून आठ तास, ते माझ्या हिशोबात बसेना. गिम्प पूर्ण फुकट, अकाउंट काढायला लागत नाही, जुन्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतं. चालतं म्हणजे पंधरा-वीस लेयर (फोटोचे एकावर एक ठेवलेले थर) झाल्या की पंखा रिक्षासारखा आवाज करतो, पण चालतं.

पहिला महिना मी फक्त स्वतःवर चिडले. पहिली गोष्ट, कंट्रोल एस दाबलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते, जेपीजी होत नाही, त्यासाठी एक्सपोर्ट वेगळं आहे, हे कळेपर्यंत मी ताईला ती एक्ससीएफ दोनदा पाठवली आणि ती म्हणाली "उघडतच नाहीये गं". दुसरी म्हणजे लेयरची पिवळी तुटक रेघ. गिम्पमध्ये प्रत्येक लेयरचा आकार वेगळा असतो, त्या रेघेच्या बाहेर कितीही ब्रश फिरवा, काहीच उमटत नाही. मी अर्धा तास पेन टॅबलेट बिघडला समजून त्याची वायर काढत-लावत होते.

आणि तिसरी, सगळ्यात महागात पडलेली, इरेजर. मी भाच्याचा वाढदिवसाचा फोटो घेतला आणि मागचे फुगे खोडरबराने खोडत बसले, तीन रात्री, कानापर्यंत आले आणि मग दिसलं की पहिल्या रात्री डाव्या खांद्याचा एक तुकडा पण खोडला गेलाय, आणि तो आता परत येणार नाही कारण फाइल सेव्ह करून बंद केली होती. लेयर मास्क नावाची गोष्ट मला त्यानंतर समजली. मास्कवर काळा रंग मारला की लपतं, पांढरा मारला की परत येतं, करडा मारला की अर्धवट दिसतं, मूळ फोटोला धक्काच लागत नाही. एक्स दाबला की काळा-पांढरा अदलाबदल होतो. तुम्ही आज सुरू करणार असाल तर ते इरेजर टूलबॉक्समधून काढूनच टाका, खरंच सांगते.

जानेवारीत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने गेलो, तिथे भरती-ओहोटी बघून बोटी सोडतात त्यामुळे वेळ आपल्या हातात नसते, आम्हाला संध्याकाळची मिळाली. नशीबच म्हणायचं. ऊन तिरपं, डावीकडून, हवा धुरकट, मागच्या इमारती दुधात बुडवल्यासारख्या आणि चिखलात गुलाबी रेघच्या रेघ. हा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, पण आलं. बॅकग्राउंड म्हणून त्याहून चांगलं काय मिळणार. मी घरी येऊन लगेच वाढदिवसाचा भाचा त्यावर टाकला, आईला आवडला. बाबांनी जेवताना चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "याला ऊन कुठून लागतंय?"

लागतच नव्हतं. तो हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली उभा होता, वरून निळसर उजेड, आणि मागे सगळं जग संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात. मी मग कलर टेंपरेचर (फोटोचा निळसर-पिवळसरपणा) फिरवलं, तो पिवळा झाला, म्हणजे कावीळ झाल्यासारखा पिवळा, ऊन लागल्यासारखा नाही. ऊन एका बाजूने लागतं आणि दुसरी बाजू आकाशाच्या उजेडाने थंड राहते, सगळ्या अंगाला सारखा रंग मारून ते होत नाही. हे वाचायला सोपं आहे, मला ते पचायला मार्च उजाडला.

मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं आणि इथे मात्र खरा फरक पडला. आधीची २.१० मी वापरत होते ती मालिका २०१८ पासूनची. तिच्यात ब्लर किंवा कर्व्हज (उजळ-गडद कमीजास्त करायचं टूल) एकदा लावलं की लागलं, बदलायचं तर अनडू करत मागे या. ३.० मध्ये फिल्टर लेयरवर वेगळा राहतो, दोन आठवड्यांनी उघडून आकडा बदलता येतो. माझ्यासारख्या चुकत शिकणाऱ्या माणसाला हे फार मोठं आहे, कारण माझा पहिला आकडा कधीच बरोबर नसतो. ती पिवळ्या रेघेची भानगड पण कमी झाली, ब्रशसाठी लेयर आपोआप वाढवायचा ऑप्शन आलाय.

तर आता शहाणपण आलंय म्हणून मे महिन्यात भाच्याचा नवीन फोटो काढायचा ठरवला. ताई ठाण्याला राहते, वर्तकनगरला, तिच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे धुवायच्या टबात त्याला बसवला, भरपूर ऊन हवं म्हणून दुपारी साडेबाराला. तारीख मेच्या मध्यावरची. ज्यांना माहितीये ते आत्ताच कपाळावर हात मारतील. आपल्याकडे त्याच दिवसांत शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. पोराच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशी असल्यासारखी सावली, आणि बाकी सावली सगळी त्याच्या बुडाखाली. वर्षातल्या दोनच दिवसांपैकी एक मी तिरप्या उन्हाच्या फोटोसाठी निवडला.

सरळ करायचा प्रयत्न केला का? केला ना. आठ रात्री डॉज-बर्न, म्हणजे कुठे उजळ कुठे गडद, करत बसले. खोटं दिसत होतं.

शेवटी जूनच्या सुरुवातीला पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा परत गच्ची, परत टब, या वेळी संध्याकाळी साडेपाच, ऊन डावीकडून येईल असा फिरवून बसवला. म्हणजे माझ्या फोटोत डावीकडून, त्याच्या नाही, इथे पण एकदा गोंधळ झाला. आणि कॅमेऱ्याची उंची. ही गोष्ट मला कोणी आधी का नाही सांगितली माहीत नाही. बोटीत मी बसून फोटो काढला होता, कॅमेरा पाण्यापासून साधारण साडेतीन फूट वर. मग त्या फोटोत पाण्यापासून साडेतीन फूट उंचीवरची प्रत्येक गोष्ट क्षितिजाच्या रेषेलाच येणार, जवळची असो की लांबची. माझ्या आधीच्या फोटोंत मी उभी राहून खाली बघत काढलं होतं, त्यामुळे पोराचं टाळकं जास्त दिसायचं आणि खाडीत ठेवल्यावर तो विहिरीत बसल्यासारखा वाटायचा. मोठा केला, छोटा केला, काही उपयोग नाही, कारण चूक साइझची नव्हतीच. या वेळी मी स्टुलावर बसले, कॅमेरा साडेतीन फुटांवर धरला, आणि तो फोटो खाडीवर टाकल्या टाकल्या बसला. डोकं क्षितिजाच्या जरा खाली. काहीही न करता. मी रात्री पावणेबाराला टाळी वाजवली, बाबा उठून आले.

होडीची गंमत वेगळीच. खरी पाच फुटी कागदाची होडी कोण करणार, मी आठ इंचाची केली, परातीत पाणी घेऊन सोडली. आता आठ इंचाची होडी पाच फुटी दिसायला हवी म्हणजे साडेसात पट, मग कॅमेरा पण साडेतीन फूट भागिले साडेसात, म्हणजे पाण्यापासून साडेपाच इंचांवर, आणि होडीपासूनचं अंतर पण त्याच हिशोबात. हे गणित मी ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याने केलं, रबाळे ते ऐरोली. यासाठी मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा पडला, मोठ्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर) एवढ्या जवळून अर्धी होडी धूसर होते आणि तिथेच ती खेळण्यातली आहे हे कळतं. फक्त फोनचा फोटो लॅपटॉपवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळ्या कडा चिवड्यासारख्या होतात. परातीतलं पाणी मात्र वापरता येत नाही, त्याची एकेक लाट होडीपुढे समुद्राएवढी दिसते, पाणी खाडीचंच ठेवावं लागतं.

प्रतिबिंबात महिना गेला. मी होडी उलटी करून खाली चिकटवली होती, सगळे करतात तसं. पण पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे फोटोची उलटी कॉपी नसते, पाण्याखालून वर बघितल्यावर जे दिसेल ते त्यात दिसतं, म्हणजे होडीच्या आतली बाजू नाही, बाहेरच्या कडेची खालची बाजू. मी सरळ कॉपी केल्यामुळे प्रतिबिंबात पोराच्या मांडीवरची आतली घडी पण दिसत होती, जी तिथून दिसणं शक्यच नाही. परत परात. त्यात खाडीचं पाणी गढूळ, म्हणून त्यावर थोडी सावली पण पडते, स्वच्छ पाणी असतं तर तिच्यात एवढं डोकं घालावं लागलं नसतं. सावलीसाठी मल्टिप्लाय मोडच्या (खालचं गडद करणाऱ्या) दोन लेयर, एक अगदी होडीला चिकटून बारीक आणि गडद, दुसरी लांब पसरलेली आणि ब्लर. पहिली नसेल तर वस्तू हवेत लटकते, हे बाबांचं आवडतं वाक्य, "लटकतोय गं".

शेवटी राहिला काळा रंग. धुरकट हवेत लांबच्या कुठल्याच गोष्टीत खरा काळा नसतो, करडा असतो, आणि माझ्या भाच्याचे केस कुळकुळीत काळे. कर्व्हजमध्ये खालचा कोपरा जरासा उचलला, पाच मिनिटांचं काम, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो त्या हवेत बसलेला वाटला. तपासायला मी सगळ्यात वर एक करडी लेयर टाकून तिचा मोड एलसीएच कलर (खालच्या फोटोला फक्त वरच्या लेयरचा रंग देणारा) करते, सगळं ब्लॅक अँड व्हाइट होतं आणि चूक लगेच डोळ्यात खुपते. मग सगळ्यावर मिळून थोडा नॉइज (बारीक दाणे), म्हणजे फोन आणि कॅमेऱ्याचे दाणे एक होतात.

मधे भाऊजी म्हणाले एआयने एका मिनिटात होतं. बरोबर आहे, होतं. एका अ‍ॅपवर करून बघितलं, ऊन सुंदर, पाणी सुंदर, पण मे महिन्यात पोराचा पुढचा दात पडला होता आणि अ‍ॅपने त्याला बत्तीशी बसवून दिली. ताई म्हणाली "हा कोण?" तिथेच विषय संपला.

त्रासाबद्दल पण लिहायला हवं. केस कापायला फोरग्राउंड सिलेक्ट टूल आहे, पण गिम्पमध्ये मला ते कधीच एका फटक्यात जमलं नाही, शेवटी बारीक ब्रशने मास्कवर एकेक केस काढला. मराठीत नीट समजावणारं फार कमी सापडतं, इंग्लिश व्हिडिओ थांबवत थांबवत बघावे लागतात आणि निम्मे जुन्या व्हर्जनचे, मेनू जुळत नाहीत. मराठी अक्षरं मात्र टेक्स्ट टूलमध्ये जोडाक्षरांसकट नीट येतात, ऑफिसच्या हळदीकुंकवाचं पोस्टर मी त्यातच केलं. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये नवरा-नवरी चंद्रावर बसलेले असतात तसलं काही पटापट हवं असेल, किंवा दिवसाला चार डिझाइन द्यायची असतील, तर हे तुमच्यासाठी नाही. घरचा, हट्टाचा एखादा फोटो असेल तर खुशाल घ्या.

आणि वेळ लागतो म्हणून वाईट वाटलं तर १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर नावाच्या फोटोग्राफरने ३० च्या वर वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक फोटो केला होता, काळोख्या खोलीत, अनडू नसताना, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. माझं गिऱ्हाईक सहा वर्षांचं.

गेल्या आठवड्यात ठाण्यात बारा बाय अठराची प्रिंट काढली, पहिली काळपट आली कारण माझ्या स्क्रीनचा ब्राइटनेस कायम पूर्ण, तो कमी करून फाइल उजळली आणि दुसरी काढली. ताईकडे नेली. भाच्याने बराच वेळ बघितलं, फ्लेमिंगो मोजले, मग स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हा दात आलाय ना आता. तो पण लाव."