मेथी-पालकाला काय द्यावं: जीवामृत, सीवीड की ह्युमिक?

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, सीवीड म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क आणि ह्युमिक म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल. तिन्हींपैकी कशातही पिकाचं पोट भरेल एवढं नत्र नाही. शेणखत कमी पडून पालक पिवळा पडला असेल, तर यावर पैसे घालू नका. खत पुरेसं असून वाढ रेंगाळते, थंडीत किंवा कापणीनंतर फुटवा उशिरा येतो, तेव्हाच निवडीचा प्रश्न.

जीवामृत सगळ्यांत स्वस्त. 200 लिटर पाण्यात देशी गाईचं ताजं शेण 10 किलो, गोमूत्र 5 ते 10 लिटर, गूळ 2 किलो, बेसन 2 किलो आणि बांधावरची मूठभर माती. टिपडं सावलीत, तोंडावर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळणं. दोन-तीन दिवसांत आंबूस वास आला की तयार, आठवड्यात संपवा. नाक धरावं लागलं, तर ढवळण्यात हयगय झाली आणि हवेअभावी ते सडलं. गुंठ्याला 5 लिटर, पाटपाण्यातून. ठिबकला द्यायचं तर दुहेरी कापडानं गाळा, नाहीतर ड्रिपर तुंबतात.

पालेभाजीत खरी अडचण पुढे आहे. इथे पानच विकायचं, मेथी 25-30 दिवसांत उपटायची आणि कोथिंबीर तर कच्चीच खाल्ली जाते. ताज्या शेणातले ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जंतू दोन दिवसांच्या आंबवणीत मरतील याची खात्री नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या खाद्यभागासाठी कच्चं शेण आणि काढणी यांत 120 दिवस सोडावे लागतात. तेव्हा पानांवर जीवामृत अजिबात नको. जमिनीला द्यायचं तेही आधीच्या पिकात दिलेलं बरं.

पानांवर फवारायला सीवीड. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेल्या कप्पाफायकस शेवाळाचा अर्क असतो. लिटरला 2 ते 2.5 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ते 37 मिली; लेबलवर वेगळी मात्रा असेल तर लेबल पाळा. मेथीला दहाव्या-बाराव्या दिवशी एकदा पुरे. पालकाला मात्र प्रत्येक कापणीनंतर, कोवळी पानं दिसू लागली की. लगेच फवारलं तर भिजायला पानच नसतं, सगळं मातीत जातं. ऊन उतरल्यावर फवारा.

2021 पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे सीवीड-ह्युमिकसारखी वाढीला चालना देणारी उत्पादनं, खत नियंत्रण आदेशाखाली आहेत, त्यामुळे लेबल नसलेली बाटली घेऊच नका. तुमच्याकडे सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र असेल, तर विकत घेण्याआधी प्रमाणन संस्थेला विचारा. चार-पाच दिवसांत देठ लांबले आणि पानं फिकट पडली, तर जिबरेलिक आम्ल (देठ ताणणारं वाढीचं संप्रेरक) मिसळल्याची शंका घ्या.

ह्युमिक जमिनीतूनच द्यायचं. हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या रानात आणि वारंवार कापायच्या पालकात त्याचा विचार करा. महिनाभराच्या मेथीत तो खर्च निघणं अवघड.

काहीही निवडलं तरी एक वाफा कोरा ठेवा आणि दोन्हींकडची भाजी काट्यावर तोला. जुड्या मोजून कळत नाही. जुडी बांधणाऱ्याच्या मुठीवर ठरते.