औदुंबर: नकाशा काढावा की आलेख?

खानापूर-बेळगावकडच्या मराठी शाळांत बालकवींची ‘औदुंबर’ फळ्यावर उतरवायची तर दोन वाटा: कवितेचा नकाशा किंवा भावनांचा आलेख.

माझा कल नकाशाकडे. कविता आठच ओळींची, आणि ती सरकते झऱ्याच्या दोन्ही तटांवरून पैल टेकडीकडच्या गावाकडे, तिथून पायवाटेने डोहापर्यंत. रंगही तसेच बदलतात: निळासावळा, हिरवा, पांढरा, शेवटी काळा. पांढऱ्या वाटेचं टोक काळ्या डोहाला टेकवलं की सहावी ओळ वेगळी समजावावी लागत नाही. मलप्रभा नदीच्या काठच्या पोरांना उंबर कसा काढायचा हे तर सांगायलाच नको. (चित्र सजवण्याच्या नादात कविता बाजूला पडते, हा धोका आहेच.)

आलेख झटपट होतो: आडव्या रेषेवर ओळी, उभीवर भाव. पण औदुंबर उदास की शांत? कवीच काळिमेला गोड म्हणतो. मग बिंदू वर द्यायचा की खाली? एका रेषेत दोन्ही मावत नाही.

इंग्रज कवी वर्ड्सवर्थच्या ‘डॅफोडिल्स’ या कवितेला मात्र आलेखच हवा. चौथ्या कडव्यात कवी घरात कोचावर पडलेला, फुलं फक्त आठवणीत. तिथे नकाशा संपतो आणि आनंदाची रेषा पुन्हा वर चढते.