जुनं गोवं की पणजी? हातात एकच दिवस असेल तर

गोव्याला चाललोय, बीचचं सगळं ठरलंय, एक दिवस इतिहासासाठी ठेवलाय, मग जुनं गोवं बघू की पणजी, हे मला दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतंच. दोन्ही पोर्तुगीजांच्या राजधान्या, मधे जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, त्यामुळे "दोन्ही करा" म्हणणं सोपं आहे. पण सोबत आईबाबा किंवा लहान पोरं असली की दुपारी बारानंतरच्या उन्हात कोणाचाच पाय उचलत नाही, मग निवडावंच लागतं.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझ्या लेखी ही एकच राजधानी आहे, मांडवीच्या काठाकाठाने समुद्राकडे सरकलेली. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून जुनं गोवं घेतलं, १५३० मध्ये पोर्तुगीजांनी कोचीनहून राजधानी तिथे हलवली आणि पुढची शंभरेक वर्षं ते शहर असं काही फुललं की गोवा पाहिला त्याला लिस्बन बघायची गरज नाही अशी म्हणच पडली. मग साथी सुरू झाल्या, मलेरिया, कॉलरा, विहिरींचं पाणी खराब, माणसं मरत गेली नाहीतर सोडून गेली. १७५९ मध्ये व्हॉइसरॉय पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यात राहायला आला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली, नोवा गोवा या नावाने. जुन्या गोव्यातले वाडे पाडून त्यांचा दगड पणजीच्या बांधकामांना वापरला गेला.

म्हणजे आज जुन्या गोव्यात काय उरलंय तर चर्च आणि कॉन्व्हेंट म्हणजे मठ, घरं जवळपास नाहीतच. रस्ते, बाजार, वस्ती, सगळं गेलं आणि मधल्या मोकळ्या जागेत लॉन आणि नारळ. १९८६ पासून हा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे. से कॅथेड्रल एवढं प्रचंड आहे की आत गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो, १५६२ ला सुरू केलेलं बांधकाम १६१९ पर्यंत चाललं, आणि समोरून बघितलं तर एकच मनोरा दिसतो कारण दुसरा १७७६ मध्ये कोसळला. समोरच बॉम जेझूस बॅसिलिका, तिचा गिलावा काढलेला असल्यामुळे बाहेरून सगळा जांभा उघडा, कोकणातल्या माणसाला तो दगड बघून एकदम घरचं वाटतं.

बॅसिलिकेत ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत आहे आणि सगळे तिथे फोटो काढून पुढे सरकतात. मराठी माणसाने मात्र तिथे पाच मिनिटं थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने रात्रीत जुवे बेटावरचा किल्ला घेतला, शहराच्या अगदी तोंडाशी, व्हॉइसरॉय स्वतः तो परत घ्यायला गेला आणि मार खाऊन आला, तेव्हा शहराचं काही खरं नाही असं वाटून त्याने झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड त्याच्याजवळ ठेवला, की आता तूच सांभाळ. पुढे मुघल फौज रामघाटाने खाली उतरली आणि राजांना मागे फिरावं लागलं. पुस्तकात हे वाचलेलं असतं, पण त्याच चर्चमध्ये उभं राहिल्यावर ते अंगावर येतं.

बाकी सेंट कॅजेटनचं चर्च झरझर बघितलं तरी चालेल. पण सेंट ऑगस्टीनचा मनोरा सोडू नका, तिथे बहुतेक टूरवाले नेतच नाहीत. १६०२ मध्ये बांधलेला, ४६ मीटर उंच, आता अर्धाच उभा आहे. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, मठ रिकामा पडला आणि १८४२ मध्ये छत खाली आलं. इथल्याच अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानची अस्थी सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री केली आणि २०२१ मध्ये भारताने त्यातली काही जॉर्जियाला दिली.

आता पणजी. इथे इमारती त्यामानाने लहान आहेत, पण त्यांत माणसं राहतात, हा फरक फार मोठा आहे. फोंतेन्यास हा पणजीतला जुना मोहल्ला म्हणजे खरं तर मोझांबिकहून कमाई करून परत आलेल्या एकाची नारळाची बाग होती, त्याला लोकं मोसमीकार म्हणायची, जुनं गोवं सोडून येणाऱ्यांची तिथे वस्ती झाली. पिवळी, निळी, लाल घरं. पावसाळ्यानंतर घर रंगवायचंच असा पोर्तुगीज काळात दंडक होता, पांढरा रंग फक्त चर्चला. सकाळी सातला गेलात तर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत फिरत असतो, टोपलीत उंडे आणि पोळ्या हे गोव्याचे पाव गरम असतात. आणि एक विनंती, ती लोकांची घरं आहेत, पायऱ्यांवर चढून, खिडकीत वाकून फोटो काढू नका, तिथली म्हातारी माणसं याला खरोखर कंटाळली आहेत.

फोंतेन्यासच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे, उघडं मिळालं तर आत जाच. क्रूसावरचा येशू नेहमी मान टाकलेला, डोळे मिटलेला असतो. इथला मान ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून बघतोय. हा क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, १५६० पासून जिथे माणसांच्या श्रद्धेची चौकशी चालायची तिथे. १८१२ मध्ये इन्क्विझिशन बंद झालं, क्रूस पणजीला व्हॉइसरॉयच्या वाड्यात आला आणि १९१८ पासून या चॅपलमध्ये आहे. किती लोकांनी त्या नजरेसमोर उभं राहून शपथा घेतल्या असतील, हे मनात आलं की मला तिथे बोलवतच नाही.

तसंच पणजीच्या नागमोडी पायऱ्यांच्या चर्चची घंटा. फोटो सगळे काढतात, पण ती घंटा त्या अर्ध्या पडलेल्या ऑगस्टीनच्या मठातली आहे, मधे आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात होती, १८७१ मध्ये इथे चढवली. त्या आदिलशाही वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, कांदोळीला जन्मलेला, पॅरिसमध्ये संमोहन शिकवणारा पाद्री. आणि महालक्ष्मीचं देऊळ साधारण १८१८ चं, आधी देवळं मोडणाऱ्या राजवटीने स्वतःच्या राजधानीत देऊळ होऊ दिलं, त्यावरून काळ किती बदलला होता ते कळतं.

तर मग निवडायचं कसं? पहिल्यांदाच जात असाल, चर्चची भव्यता बघायची असेल, मराठ्यांच्या इतिहासाची ओढ असेल तर जुनं गोवं, आणि आठ-साडेआठलाच पोचा, अकरापर्यंत आटपतं. सोबत वयस्कर माणसं असतील तर चालणं कमी करून कॅथेड्रल आणि बॅसिलिका एवढंच करा, समोरासमोर आहेत. ३ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे झेवियरच्या सणाला, पाय ठेवायला जागा नसते, पण फेरीत, म्हणजे तिथल्या जत्रेच्या बाजारात, खाजे मिळतात आणि आधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला, चालत आलेली गावंच्या गावं दिसतात, गर्दी सहन होत असेल तर तेव्हाच जा. गोवा आधी झालेला असेल, खाण्याची, घरांची, बोलण्याची आवड असेल, किंवा फक्त संध्याकाळच मोकळी असेल तर पणजी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकच निवडायचं झालं तर पणजी, कारण जुन्या गोव्याची घंटा, क्रूस, दगड सगळं उचलून तिथेच आणलंय, आणि ते अजून वापरात आहे. तरीही सकाळचे तीन तास निघत असतील तर टॅक्सी करू नका, पणजी स्टँडवरून जुन्या गोव्याची बस घ्या आणि डावीकडची खिडकी पकडा. रायबंदरपर्यंतचा तीनेक किलोमीटरचा बांध १६३० च्या दशकातला आहे, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं.