नावातला फरक आणि कोरी राहिलेली जन्मतारीख : आमच्या जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालयाच्या सेवेविषयी

माझे वडील १९७९ साली हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले आणि २०१४ साली वारले. त्यानंतर आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. ते दरमहा बँकेत जमा होत असल्यामुळे वडिलांच्या सेवा अभिलेखात काही चूक असेल, अशी शंका आम्हा भावंडांपैकी कोणालाही आली नाही. २०२२ साली आईने ऐंशी वर्षे पूर्ण केली. वय ऐंशी झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अतिरिक्त रक्कम मिळते, पंच्याऐंशीला ती ३० टक्के होते, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभराव्या वर्षी निवृत्तिवेतन थेट दुप्पट होते, हे मला शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडून कळले. आईच्या खात्यात मात्र वर्षभरात या अतिरिक्त रकमेचा एक पैसाही आला नव्हता. जुना निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे ज्याला सगळे पी. पी. ओ. म्हणतात तो कागद, ट्रंकेतून काढून पाहिला तेव्हा दोन गोष्टी एकदम समोर आल्या. पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना कोरा होता, आणि पत्नीचे म्हणून जे नाव टंकलेले होते ते आईच्या आधार कार्डावर कुठेच नव्हते.

नावाचे कोडे आईने स्वतःच सोडवले. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती आणि आईचेही बदलले होते. वडील तिच्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. लहानपणापासून ज्या नावाने तिला हाक मारत आले, तेच नाव त्यांनी पलटणीत कारकुनासमोर सांगितले. शिधापत्रिका, मतदार यादी, आधार आणि सातबारा यांवर सासरचे नाव, आणि सैन्याच्या कागदांवर माहेरचे. दोन्ही नावे खरी असून एकाच बाईची आहेत, एवढीच गोष्ट सरकारी भाषेत सिद्ध करायला आम्हाला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत ज्या कार्यालयाचा आधार झाला, त्या आमच्या जिल्ह्यातील सैनिक कल्याण कार्यालयाच्या सेवेचे हे परीक्षण आहे. गावातली जुनी माणसे त्याला अजूनही ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात.

कार्यालयात जाण्याआधी आम्ही एक चूक करून बसणार होतो, ती आधी सांगितली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानदाराने आम्हाला सल्ला दिला होता की सैन्याचे कागद बदलणे फार कटकटीचे असते, त्यापेक्षा आधार कार्डावरचे नाव बदलून सैन्याच्या नावासारखे करून घ्यावे. दोन आठवड्यांत काम होईल. ऐकायला हे सोपे वाटले. पण आधारवरचे नाव बदलले असते तर पॅन, बँक खाते, मतदार ओळखपत्र आणि शेतीचे उतारे हे सगळे एकाच वेळी विसंगत झाले असते, आणि एक फरक मिटवताना चार नवे फरक उभे राहिले असते. कार्यालयातील कल्याण संघटकांनी, जे स्वतः माजी सैनिक आहेत, आमची पिशवी टेबलावर रिकामी करून घेतली, सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावले आणि पहिला प्रश्न विचारला तो हा : “यातला कोणता कागद बरोबर धरायचा, ते आधी ठरवा. बाकीचे त्याच्याकडे वळवायचे.” या कार्यालयाला मी जे गुण देतो आहे, त्यातले निम्मे या एका प्रश्नाचे आहेत.

ज्यांचा या कागदांशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडे विवरण आवश्यक आहे. जवान आणि जे. सी. ओ., म्हणजे सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी, यांचा सेवा अभिलेख त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतो, जिल्ह्यात नसतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला आहे. लग्न, अपत्यजन्म, नावातील बदल अशा प्रत्येक कौटुंबिक घटनेचा ‘पार्ट टू ऑर्डर’ हा आदेश निघतो आणि त्याच्या आधारावर शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवानोंदीच्या कागदात, नोंद होते. ही नोंद झाल्याशिवाय पुढे काहीही हलत नाही. रेकॉर्ड ऑफिसकडून सुधारित माहिती प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रकांच्या पेन्शन कार्यालयाकडे जाते, तिथून दुरुस्तीचा पी. पी. ओ. निघतो, आणि आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत निवृत्तिवेतनधारकाची माहिती त्याप्रमाणे बदलते. म्हणजे बँकेच्या खिडकीवर भांडून उपयोग नसतो, कारण बँकेला पी. पी. ओ. मधले एक अक्षरही बदलता येत नाही. हे साधे सत्य समजायला आमचे दोन महिने बँकेतच गेले होते.

मराठी माणसाच्या अभिलेखात चुका का होतात, यावर कार्यालयातल्या बाकावर बसून माझा चांगला अभ्यास झाला. जुने अभिलेख इंग्रजीत टंकलेले आहेत, आणि टंकणारा कारकून बहुधा दूरच्या प्रांतातला असे. त्याला ‘ळ’ ऐकू येत नसे आणि ‘ण’ चा ‘न’ होई. ज्ञानेश्वर हे नाव कुणी उच्चाराप्रमाणे ‘द’ ने सुरू केले, कुणी ‘ग’ ने. आपली नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची पद्धत त्या अभिलेखात क्वचितच टिकली; मधले पद गळाले किंवा आडनावच नाव होऊन बसले. बायकांच्या नावापुढचे ‘बाई’ कुठे आहे, कुठे नाही. आणि जन्मतारखांबद्दल तर काय बोलावे : शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला १ जून ही तारीख वाटून दिली होती, तीच भरतीच्या वेळी कायम झाली. सैनिकाची स्वतःची भरतीच्या वेळची जन्मतारीख मात्र निवृत्तीनंतर बदलून मिळण्याची आशा धरू नये, हे कल्याण संघटक प्रत्येकाला स्पष्ट सांगतात आणि तसल्या अर्जात कोणाचा वेळ वाया जाऊ देत नाहीत. पत्नीची जन्मतारीख राहून गेली असेल किंवा नावात फरक असेल, तर तो विषय वेगळा आणि सुटण्यासारखा आहे.

आमच्या अर्जासोबत वडिलांच्या डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सैन्याने दिलेल्या पुस्तिकेच्या, आणि मूळ पी. पी. ओ. च्या साक्षांकित प्रती, मृत्यूचा दाखला, आईचे आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र, दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि एक मराठी व एक इंग्रजी अशा दोन वृत्तपत्रांतील जाहिरातींची कात्रणे जोडली होती. प्रतिज्ञापत्राच्या मजकुराबद्दल कार्यालयाने जी काळजी घेतली ती उल्लेखनीय आहे. नोटरीकडचा तयार मसुदा ‘मी माझे नाव बदलले आहे’ अशा धाटणीचा होता. कल्याण संघटकांनी तो बाजूला ठेवला, कारण लग्नातल्या रीतीपलीकडे आईने नाव बदललेलेच नव्हते. दोन नावांनी ती एकच व्यक्ती ओळखली जाते, हे सांगायचे होते. नाव बदलले असे लिहिले असते तर कोणत्या तारखेपासून, राजपत्रात कुठे, असे पुढचे प्रश्न निघाले असते.

एवढे करूनही अर्ज एकदा परत आला. ज्या रेकॉर्ड ऑफिसशी आमचा संबंध आला त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथून चार महिने कोणतेही उत्तर आले नाही आणि नंतर आले ते एका ओळीचे : कागदपत्रे अपूर्ण. कोणते कागद अपूर्ण आहेत, याचा उल्लेख नव्हता. दूरध्वनी उचलला जात नव्हता आणि उचलला तर ज्या विभागाकडे प्रकरण आहे त्या विभागाचे नाव वेगळेच सांगितले जात होते. ऐंशी वर्षांच्या विधवेच्या अर्जाला असे उत्तर देणे मला अशोभनीय वाटते, आणि तसे मी त्यांना लिहिलेही. अखेर कार्यालयाच्या सल्ल्याने आईच्या नावे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून वडिलांच्या शीट रोलमधील विवाहविषयक नोंदीची प्रत मागितली. ती तीस दिवसांच्या आत आली. त्या प्रतीत विवाहाची तारीख आणि आईच्या वडिलांचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. मग आईच्या माहेरच्या शाळेतून दाखला काढला. ती दुसरीपर्यंतच शिकली, पण त्या दाखल्यावर तिचे जुने नाव, वडिलांचे तेच नाव आणि जन्मतारीख अशा तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. तो कागद जोडून अर्ज पुन्हा गेला आणि या वेळी सात आठवड्यांत पार्ट टू ऑर्डर निघाला. दुरुस्तीचा पी. पी. ओ. त्यानंतर तीन महिन्यांनी आला.

अतिरिक्त रक्कम ज्या महिन्यात ऐंशी वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून देय असते, त्यामुळे आईला मागील सर्व महिन्यांचा फरक एकरकमी मिळाला. ही रक्कम किरकोळ नव्हे. कुटुंब निवृत्तिवेतनाचा किमान मूळ दर ९,००० रुपये धरला तरी २० टक्के म्हणजे महिना १,८०० रुपये होतात आणि त्यावर महागाई सवलत वेगळी.

आता या कार्यालयाच्या उणिवा. बसायला एकच लांब बाक आहे आणि सोमवारी त्यावर जागा मिळत नाही. झेरॉक्स यंत्र आमच्या सहा फेऱ्यांपैकी चार वेळा बंद होते, त्यामुळे वयस्कर माणसांना रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जावे लागते. दिलेल्या अर्जाची पोच मागितल्याशिवाय मिळत नाही. ती मागून घ्यावी आणि जावक क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे रेकॉर्ड ऑफिसला स्मरणपत्र पाठवताना तोच लागतो. कल्याण संघटक रजेवर असले की त्यांच्या जागी बसणारा माणूस कागद घेतो, पण वाचत नाही. सगळी सेवा एका अनुभवी माणसाच्या नजरेवर उभी आहे, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. या कार्यालयात कुठल्याही कामाचे शुल्क लागत नाही, आणि कोणी चहापाण्याचा विषयही काढला नाही. आमचा खरा खर्च झाला तो दोन जाहिरातींवर, आणि त्याखालोखाल टपाल व प्रवासावर.

त्या बाकावर भेटलेल्या एका गृहस्थांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यांचा मुलगा जन्मतः अपंग आहे, वय चाळीसच्या पुढे. आईवडिलांच्या पश्चात अशा अपत्याला अटी पूर्ण होत असतील तर आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, पण त्याचे नाव अभिलेखात कधी घातलेच गेले नव्हते, कारण नोंदीच्या काळात ते सीमेवर होते आणि नंतर विसर पडला. आमच्या प्रकरणात फार तर काही महिन्यांचे पैसे अडकले होते. त्यांच्या प्रकरणात एका माणसाचे पुढचे सगळे आयुष्य होते. कल्याण संघटकांनी त्या दिवशी आम्हाला थांबवून त्यांचा अर्ज आधी घेतला, आणि ते योग्यच केले.

अशा प्रकरणात शेवटचा मार्ग म्हणून सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते. आमच्यावर तिथपर्यंत जाण्याची वेळ आली नाही. कार्यालयानेही कधी तो धाक दाखवून आपली जबाबदारी झटकली नाही.

पाचपैकी चार गुण मी या कार्यालयाला देतो. एक गुण पोच आणि पर्यायी माणूस या दोन गोष्टींसाठी कापला आहे. जाणाऱ्यांनी मूळ डिस्चार्ज बुक बरोबर न्यावे, ते लॅमिनेट केलेले नसावे, आणि मंगळवार किंवा गुरुवार धरून सकाळी अकराच्या आत पोहोचावे. आईचे ई. सी. एच. एस. चे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेचे, कार्ड अजून जुन्याच नावाचे आहे. त्याचा अर्ज मागच्या आठवड्यात दिला, आणि पोच या वेळी न मागता मिळाली.