इंग्लंडच्या सीमा आयोगाकडे हरकत नोंदवण्याची सोय: पॅरिश कौन्सिलच्या कामाची किती?

हा आयोग (LGBCE) स्थानिक कौन्सिलांच्या निवडणूक प्रभागांच्या हद्दी ठरवतो; पॅरिश कौन्सिल म्हणजे तिथली ग्रामपंचायतीसारखी गावपातळीची संस्था. सोय चांगली, फुकट. नकाशावर स्वतः रेघ ओढून प्रस्ताव पाठवता येतो, ईमेल किंवा टपालही चालतं. पण आयोग तीनच कसोट्या लावतो: मतदारसंख्येचा समतोल, स्थानिक समाजाची ओळख आणि कारभाराची सोय. बऱ्याच हरकती इथेच अडकतात. 'आमचं गाव वेगळं' एवढ्याने काही हलत नाही. मुलं कुठल्या शाळेत जातात, दवाखाना कुठे, बस कुठून सुटते, मधला हमरस्ता पायी ओलांडता येतो का, हे लिहा. गाव एखाद्या प्रभागातून वगळायला सांगताना शेजारच्या प्रभागाचा मतदारांचा आकडाही जुळवून द्या: दर कौन्सिलरमागच्या मतदारांचा फरक कौन्सिलच्या सरासरीच्या साधारण १० टक्क्यांच्या आत हवा, तोही पाच वर्षांनंतरच्या अंदाजित मतदारांवर. घरांच्या किमती, पोस्टकोड यांवर शाई वाया घालवू नका. एकाच मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा पुरावा असलेलं एक पत्र जड.

पॅरिशचे दोन प्रभागांत तुकडे होत असतील, तर पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीसाठी पॅरिशचेही वॉर्ड पाडावे लागतात. हा मुद्दा जरूर मांडा. पॅरिशची बाहेरची हद्द मात्र इथे बदलत नाही, त्यासाठी जिल्हा किंवा एकस्तरीय (युनिटरी) कौन्सिलकडे वेगळा आढावा मागावा लागतो. गल्लत हमखास इथेच. आणि आयोगाच्या मसुदा शिफारशींवर हरकत देण्याची मुदत चुकवू नका. अंतिम शिफारशींवर पुन्हा हरकत नाही.