मांडवा ते गणपतीपुळे जोडीने सायकलवर: कोकणातल्या फेरीबोटींचा आढावा

कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं ठरवलं की सगळे आधी हॉटेलं शोधतात. आमचं मत, आधी फेरीबोटी समजून घ्या. मांडव्याहून गणपतीपुळ्यापर्यंत चार खाड्या बोटीने ओलांडायच्या असतात: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. एकेक फेरी दहा ते वीस मिनिटांची. पण दाभोळची शेवटची बोट हुकली, तर गुहागर गाठायला चिपळूणला वळसा घालावा लागतो आणि सायकलवाल्याचा अख्खा दिवस त्यात जातो. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्या आणि शेवटच्या बोटीवर कधीच विसंबू नका.

सेवा म्हणून पाचपैकी साडेचार गुण. सायकल बघून कुणी कटकट करत नाही, पॅनियर (कॅरियरला टांगलेल्या सामानाच्या पिशव्या) उतरवावे लागत नाहीत, तिकीट किरकोळ. सुटे पैसे मात्र जवळ ठेवा, धक्क्यावर नेटवर्कचा भरवसा नसतो. अर्धा गुण कापला तो सायकल टेकवायला धड जागा नसते म्हणून.

चढता-उतरताना सांभाळा. ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो आणि बोटीचा लोखंडी रॅम्प ओला. क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणाऱ्या कडक खाचेचे) बूट इथे हमखास घसरतात. सायकलवरून उतरा, मागच्या ब्रेकवर बोटं ठेवा आणि ढकलत न्या. रॅम्प आणि धक्का यांच्यातली फट तिरकी ओलांडली तर बारीक टायर त्यात अडकतो, चाक काटकोनातच न्या. बोटीवर सायकली कठड्याला टेकवून पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने आवळून ठेवा, म्हणजे बोट धक्क्याला टेकताना त्या पुढे घरंगळत नाहीत.

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज महागात पडतो. रस्ता खाडीपाशी उतरतो आणि पलीकडे लगेच सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) चढतो, पुन्हा पुढच्या गावाला उतरतो. चढ लांब नाहीत, पण उभे आहेत. कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला जाणारा टप्पा सगळ्यात दमवणारा. त्यासाठी गिअरची पुढची (पॅडलजवळची) सगळ्यात लहान दातेरी चकती आणि मागच्या चाकाची सगळ्यात मोठी, दोन्ही सारख्या दातांच्या हव्यात, निदान 34-34. सामान असेल तर मागे 36 बरं. टायर 35 मिमीच्या खाली नको, कारण उतारावरच्या वळणांवर जांभ्याची बारीक खडी साचते आणि बारीक टायर तिथे पकड सोडतो.

दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीमार्गे, हा मात्र निव्वळ आनंद. बराच वेळ समुद्र उजव्या हाताला अगदी खेटून. वीसेक किलोमीटरच आहेत, तेव्हा हा टप्पा सकाळी सावकाश करा. थंडीत दुपारनंतर वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जाणंच सोयीचं.

जोडीसाठी एक गोष्ट आवर्जून: दोन्ही सायकलींना एकाच मापाचे टायर आणि एकाच प्रकारचे व्हॉल्व्ह घ्या. मग दोन ट्यूब, एक पंप आणि तुमच्या चेनला बसणाऱ्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या) दोघांना पुरतात. अवजारं जो मागे राहतो त्याच्याकडे द्या, नाहीतर पंक्चर झालेल्याला पंपासाठी पुढच्याची वाट बघत बसावं लागतं. थांबायचं ठिकाण चढाच्या माथ्यावर ठरवा. पायथ्याशी थांबलं की दमलेल्या माणसाला थंड पायांनी चढावं लागतं.

खाऱ्या हवेने चेन एका रात्रीत तांबूस होते. मुक्कामी पोचल्यावर फडक्याने कोरडी पुसा, कडीगणिक एक थेंब तेल द्या आणि जास्तीचं तेल पुसून टाका, नाहीतर त्यावर वाळू चिकटते. जेवणाचंही आधी सांगावं लागतं. घरगुती खानावळीत दुपारच्या ताटाची ऑर्डर सकाळीच द्या, आयत्या वेळी मासे सोडा, साधी आमटीही शिल्लक नसते.

जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (वाहनं नेणारी बोट) बरी, सायकल तशीच चढते. परत यायला रत्नागिरीहून कोकण रेल्वे. सायकल पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) जाते, त्यासाठी पार्सल ऑफिसला गाडीच्या बऱ्याच आधी पोचा. पॅडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला समांतर बांधा, डिरेलरवर (मागच्या चाकाजवळच्या गिअर बदलणाऱ्या भागावर) पुठ्ठा गुंडाळा आणि नाव, फोन नंबर, उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी चिकटवा.