‘काका, तुमचे मसल मेलेत’ : घोडबंदर रोडवरचं पाठदुखीचं पॅकेज

घरात कुणाचं मणक्याचं ऑपरेशन झालं असेल आणि कंबर अजून दुखत असेल, तर हे वाचा. घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत ‘स्पाइन सेंटर’ने आम्हाला ९६ हजारांना गंडवलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडले. पायातली कळ गेली, पण कंबर धरलेलीच राहिली. जरा वेळ उभं राहिलं की टेकायला भिंत शोधायची. त्यातच मोबाइलवर जाहिरात आली, ‘ऑपरेशननंतरही दुखतंय? मोफत तपासणी’.

तिथल्या मॅडमने एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली. कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंत पांढरे पट्टे होते, त्यावर पेनाने गोल काढत म्हणाली, “काका, हे मसल मेलेत. आता उशीर केलात तर व्हीलचेअर.” ह्यांचा चेहरा उतरला.

मेख अशी, की पट्टे खरे होते. आमच्या सर्जननी नंतर नीट सांगितलं. पाठीमागून ऑपरेशन करताना मणक्याला चिकटलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू हाडावरून सोडवून बाजूला ताणून धरतात. त्या दाबाने रक्तपुरवठा घटतो, बारीक नसही दुखावते. मग स्नायू थोडाफार सुकतो आणि तिथे चरबी भरते, ती एमआरआयवर पांढरी दिसते. असे पट्टे बऱ्याच पेशंटना कमी-जास्त असतात. जितकं पांढरं तितकं दुखणं, असा सरळ हिशेब नसतो. व्हीलचेअर तर दूरच. दुखण्याला दुसरी कारणंही असू शकतात, स्क्रू ढिला होणं, शेजारच्या मणक्यांमधली गादी सरकणं. ती सर्जननेच बघायची. सेंटरवाल्यांनी खऱ्याला खोट्याचं शेपूट लावलं होतं.

मग ‘ताकदीची टेस्ट’. खुर्चीला पट्ट्याने बांधून पाठ मागे रेटायची, स्क्रीनवर आकडा येतो. पहिल्या दिवशी टेस्ट घेणारी तिथली मुलगी म्हणत होती, “हळू काका, जपून.” आकडा आला ३८, तोही लाल रंगात. पैसे भरल्यावर काही आठवड्यांनी तीच खुर्ची, तीच मुलगी, “जोर लावा काका, अजून, अजून!” आला ६१, हिरवा. मी शेजारीच उभी होते. कंबर तितकीच दुखत होती.

पैसे भरले म्हणजे काय, तर “रजिस्ट्रेशनचा ओटीपी द्या” म्हणाले, तो निघाला कर्जाचा. सेंटरला रक्कम एकदम मिळाली, हप्ते आमच्या खात्यातून. बदल्यात लाल दिव्याचा शेक, कंपनाचा बेल्ट आणि सलाइनमधून कसलंसं ‘पोषण’. डॉक्टर कधी दिसले नाहीत. मी रजिस्ट्रेशन नंबर विचारला, तेव्हापासून मशीन कायम ‘सर्व्हिसिंगला’. पावतीवर ‘वेलनेस पॅकेज, नॉन-रिफंडेबल’. उपचार हा शब्दच नाही!

अशा ठिकाणी गेलातच, तर फोन हातातून देऊ नका आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. फिजिओथेरपिस्टला राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा असेल तो लगेच सांगतो. अडकलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कर्जाबद्दल आधी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पायातली ताकद जायला लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा ताप येऊन जखम वाहू लागली, तर कुठलंही सेंटर नको, थेट हॉस्पिटल गाठा.

हे आता सर्जननी सांगितलेल्या फिजिओकडे जातात. व्यायाम साधे आहेत, चालणं आणि चटईवर हात-पाय आळीपाळीने उचलणं, हळूहळू वाढवत. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण भाजी आणायला आता स्वतः जातात. आमची ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. सेंटरची जाहिरात अजून दिसते, फक्त नाव बदललंय.